मुंगी आणि काट्यांचा ढोल

३ तारीख, सोमवार

ही वही मुलीने आणून दिली. म्हणाली, "आई, तुझ्या तोंडाला जे येतं ते आधी यात लिही. लिहूनही उरलं तर बोल."

मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली, मला कसलं लिहायला लावतेस?

"बोलायला कुठे शाळेत गेली होतीस?"

आगाऊ आहे. माझीच आहे.

तर लिहिते. उद्यापासून मुंगी माझ्याबरोबर दुकानात येणार. मुंगी म्हणजे माझी नात, तीन वर्षांची. नाव चांगलं ठेवलंय, पण एका जागी थांबत नाही आणि सारखं काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून मुंगी. तिला सांभाळायच्या त्या शेजारच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जावई टॉवर उभारायच्या कामावर, बाहेरगावी. आणि माझी मुलगी बस चालवायला शिकतेय. मोठी बस, माणसांनी भरलेली. वर्गात ती एकटीच बाई आहे.

आमचं दुकान गाद्यांचं. पुढच्या बाजूला आमचे एक टाकेवाले बसून गाद्या शिवतात आणि मागे कापूस पिंजायचं मशीन. जुन्या गादीतला कापूस दगड झालेला असतो, तो फळीवरून आत सरकवायचा. तोंडाशी दोन रूळ आहेत, ते कापूस ओढून घेतात. आत लोखंडी काट्यांचा ढोल गरगर फिरतो आणि पलीकडून कापूस फुलून बाहेर पडतो. माझ्या सासऱ्यांच्या डाव्या हाताला तीन बोटं होती. दोन या मशीनने घेतली.

मुलीला ते माहीत आहे. तिने सरळ सांगितलं, "आई, मला जरा जरी धाकधूक वाटली तर मी शिकणं सोडून घरी बसेन. बस चालवताना डोक्यात दुसरं काही ठेवून चालत नाही."

म्हणजे मुंगीची बोटं आणि मुलीची बस, दोन्ही माझ्या गळ्यात.

४ तारीख, मंगळवार

सकाळी मशीनच्या अलीकडे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूची जाड रेघ मारली. मुंगीला सांगितलं, ही ओलांडायची नाही. तिने मान हलवली. लगेच ऐकलं म्हणून मला बरं वाटलं, तिथेच मी चुकले.

तासाभराने बघते तर मुंगीबाई रेघेवर फतकल मारून बसलेल्या आणि फ्रॉकने घासून घासून पुढे सरकतायत. निम्मी रेघ फ्रॉकला.

मी ओरडले, "काय करतेयस?"

"रेघ गेली," ती म्हणाली. जसं काही रेघच उठून बाहेर फिरायला गेली.

टाकेवाले सुई तोंडात धरून हसत होते. मी म्हटलं, सुई गिळाल. तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिला रेघ ओलांडू नको म्हणालात. पुसू नको असं कुठे म्हणालात?"

यांना एका कानाने कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

आज काम रखडलं. ओलसर कापूस आला होता, तोंडाशी सारख्या गुठळ्या. एका हाताने कापूस सरकवायचा, दुसऱ्याने गुठळी उडवायची. मोटर बंद करून काढत बसले तर पुन्हा चालू करताना पट्टा चाकावरून उतरतो, मग तो चढवत बसा. तेवढ्या वेळात अर्धी गादी होते.

६ तारीख, गुरुवार

रेघेने जमलं नाही म्हणून भीती घातली. मशीनच्या आत बागुलबुवा आहे म्हणून सांगितलं. मोठे दात आहेत, सारखा खात असतो, ऐक कसा गुरगुरतोय.

डोळे मोठे केले तिने. दुपारपर्यंत लांब राहिली. मी म्हटलं, चला, उगाच खडू वाया घालवला.

दुपारी फळीवर कापूस टाकत होते तर कोपरापाशी काहीतरी हललं. खाली बघते तर मुंगी. हातात तिच्या वाटणीचं बिस्कीट, उष्टं केलेलं, आणि हात उंच करून मशीनच्या तोंडाकडे.

खसकन मागे ओढली. पाठीत धपाटा घालणार होते, पण ती आधीच म्हणाली, "तो नुसता कापूस खातो गं. त्याला पोटात दुखेल."

टाकेवाल्यांनी सुई खाली ठेवली. ते हसले नाहीत. मीही नाही.

हे मुलीला सांगितलं नाही. लिहिलंय, म्हणजे झालं.

११ तारीख, मंगळवार

शेजारच्या सुताराने लाकडी फाटक करून दिलं. मुंगीच्या डोक्याच्या वर येईल एवढं उंच, मध्ये उभ्या पट्ट्या, कडी पलीकडून. आडव्या पट्ट्या लावत होता, तर मी म्हटलं, शिडी करून देतोयस का तिला? म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे काम करायचं म्हणजे काम कमी आणि बोलणी जास्त." पण पट्ट्या उभ्या केल्या.

आता ती आत येऊ शकत नाही. पट्ट्यांतून नाक काढून उभी राहते. आणि बघते. बाहुली देऊन बघितली, रिकामे डबे दिले, चिंध्या दिल्या. थोडा वेळ खेळते, की परत फाटकाला नाक.

एवढं काय बघते ही? मला तेवीस वर्षं झाली त्या मशीनपुढे, मला तर बघण्यासारखं काही दिसलं नाही.

मधूनच उभ्या उभ्या हवेत बोटाने काहीतरी टिचकावते. कापसाचे तंतू उडत असतात, ते पकडत असेल.

१३ तारीख, गुरुवार

मुलगी आज घरी आली ती बोलतच. मास्तरांनी त्यांना आज बस चालवूच दिली नाही. बाकीच्यांना बसच्या पुढे रस्त्यावर उकिडवं बसवलं आणि एकेकाला ड्रायव्हरच्या जागेवर. वर बसलेल्याने सांगायचं, खाली कोण दिसतं. कोणीच दिसत नव्हतं. पाच मोठी माणसं बसच्या तोंडापुढे बसलेली, आणि वरून बघावं तर रस्ता मोकळा.

"आई, मी वर होते. मला एकही डोकं दिसेना. आता आधी खाली बसून बघते, मगच वर चढते."

मुंगी म्हणाली, "मी पण बसच्या पुढे बसणार." तिला दोघींनी एकदम झापलं.

पण माझ्या डोक्यात ते राहिलं.

१४ तारीख, शुक्रवार

आज खाली बसून बघितलं.

मुंगी बाहेरच्या बाजूला झोपली होती. टाकेवाल्यांना म्हटलं, जरा मशीन चालवा. ते म्हणाले, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी फाटकाशी जमिनीवर बसणार आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. शहाणे आहेत.

बसताना गुडघे कुरकुरले. पण बसले, आणि काय सांगू. मशीन ते हे नव्हेच. उभं राहिलं की मला फळी दिसते, पट्टा दिसतो, मोटरवरची धूळ दिसते, आणि केवढं काम पडलंय ते दिसतं. खालून त्यातलं काही नाही. झाकण लाल आहे हे मी विसरलेच होते, खालून तेच भरून राहतं. पलीकडून कापूस वर उडतो आणि उजेडात सावकाश खाली येतो, अंगावर घ्यावासा वाटतो. काटे दिसतच नाहीत. एक काटा दिसत नाही. बाजूचं मोठं चाक इतकं जोरात फिरतं की स्थिर थाळीसारखं वाटतं. फिरतंय की थांबलंय, मला कळेना. आणि नजर जरा वर केली की समोर मशीनचं तोंड.

मग त्या तोंडाशी हात आला. टाकेवाल्यांचा. रुळांच्या पार जवळ गेला, बोटाने गुठळी उडवली, परत गेला.

मी ओरडले, "अहो, हात! हात सांभाळा! किती जवळ नेताय!"

त्यांनी दुसरा कान पुढे केला. पुन्हा ओरडले.

"तुम्ही नेता तेवढाच नेला, वहिनी," ते म्हणाले. "तुमचंच बघून शिकलो."

माझी गोष्ट वेगळी आहे. माझ्या हाताला सवय आहे. ते टाके घालणारे, त्यांनी कशाला नसती हुशारी करावी? तसं सांगितलं त्यांना. त्यांनी कमी ऐकू येणारा कान माझ्याकडे केला. एक कान बंद असल्याचा फायदा.

१९ तारीख, बुधवार

मुंगीने आज स्वतःचं मशीन केलं. चपलांचं खोकं, त्याला एका बाजूने भोक, भोकाशी दोन रिकामी रिळं. शेजारी डब्याचं झाकण उभं टेकवलेलं, ते चाक. भोकातून कापूस कोंबायचा, घर्रर्र आवाज काढायचा, मागून हात घालून बाहेर काढायचा आणि उडवायचा. मध्येच थांबून बोटाने टिचकी मारायची, "हट मेल्या!" म्हणायचं आणि हात कमरेला पुसायचा.

मी हसून हसून बेजार. सुताराला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, हिला एक मोठं दुकान काढून द्या, तुम्ही घरी बसा."

"मेल्या" कुठून उचललं कोण जाणे. बहुतेक सुताराकडून.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "कशी राहते?" मी म्हटलं, आता काही काळजी नाही. फाटक आहे, खेळ आहे. तू तुझी बस चालव.

२१ तारीख, शुक्रवार

लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी एक माणूस चार गाद्या घेऊन आला. आत आणून ठेवल्या आणि जाताना फाटक उघडं टाकून गेला. मला दिसलं नाही, मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. म्हणत होता, कापूस माझाच परत मिळेल ना, दुसऱ्याचा नको. मी त्याला म्हणत होते, कापसावर काय तुमचं नाव लिहिलंय? मशीन मागे चालू होतं. चालूच ठेवते मी, माहीत आहे. फळीवरचा कापूस आपोआप आत जात राहतो.

मग मशीनचा आवाज जड झाला. मोठी गुठळी अडकली की असा कण्हल्यासारखा होतो. मागे वळले.

मुंगी स्टुलावर चढलेली. डावा हात फळीवर ठेवलेला, अगदी नीट, आणि उजव्या हाताचं बोट पुढे काढून रुळांकडे.

मी ओरडले. त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? टाकेवाले पलीकडे तोंड करून, पाय गादीखाली. मशीनचं बटण दाराशीच आहे. ते खाली ओढलं आणि पळाले. पण बटण बंद केलं म्हणून ढोल थांबत नाही. तो कितीतरी वेळ गरगरत राहतो, आणि रूळही त्याच्याबरोबर. मी पळत होते आणि तो फिरत होता.

आवाज उतरला तशी तिने मान वळवली. बोट तिथेच, हवेत. आवाज कुठे गेला ते बघत होती. तेवढ्यात मी पोचले.

उचलून घेतली. बोटं मोजली. परत मोजली. ती हात सोडवून घेत होती आणि रडत होती, भीतीने नाही, रागाने. "आजी, गुठळी! गुठळी काढायचीय! तू नव्हतीस ना!"

टाकेवाले आले. त्यांचा चेहरा त्या कापसासारखा झाला होता. ते दोन हात लांबून म्हणाले, "ती कामाला आली होती, वहिनी."

मी त्यांना म्हटलं, तुमचं लक्ष कुठे होतं? त्यांनी ऐकून घेतलं. दोन्ही कानांनी.

२२ तारीख, शनिवार

मुलीला सांगितलं. सगळं. बिस्किटापासून. लपवून ठेवणं मला जमत नाही, फार तर पंधरा दिवस.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. मुंगीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तू काय करत होतीस? मला दाखव बरं."

मुंगीने खोकं आणलं. कापूस कोंबला. घर्रर्र केलं. मग गुठळी अडकली असं समजून डावा हात कडेला ठेवला, उजव्याचं एक बोट पुढे काढलं, टिचकी मारली. "हट मेल्या!" आणि हात कमरेला पुसला, उलटा, मागच्या बाजूने.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बघ, हे असं करते, कुठून शिकली कोण जाणे.

मुंगीने पुन्हा केलं. टिचकी, हट मेल्या, कमर.

मग मला दिसलं.

मी उठून आत गेले आणि उगाच भांडी लावली. मोठ्याने लावली. एवढी रेघ, बागुलबुवा, फाटक. आणि फाटकाच्या पलीकडे उभी राहून दिवसभर मीच तिला शिकवत होते, चांगली पुढच्या बाकावर बसवून.

बाहेर आले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मी सोमवारी नाव काढून घेते."

मी म्हटलं, "मंगळवारी काढ. सोमवारी आधी दुकानात ये आणि खाली बसून बघ."

"काय बघू?"

"मला बघ."

२४ तारीख, सोमवार

काल रविवार असून सुताराला उठवला. तो म्हणाला, "मावशी, सुट्टी असते माणसाला." मी म्हटलं, बोटं पण असतात. आला.

मशीनच्या तोंडावर लाकडी पेटी बसवली. आता कापूस लांबून सरकवायचा, बोट रुळांपर्यंत पोचतच नाही, माझंही. फाटकाला स्प्रिंग लावली, आपोआप मिटतं आणि कडीत जाऊन बसतं. गिऱ्हाइकाच्या पाठीवर आदळलं तर आदळू दे. पट्टा नवा टाकला. मोटर बंद करून चालू केली, उतरला नाही. पुन्हा केली, नाही उतरला. इतकी वर्षं मी त्या सैल पट्ट्याच्या नावाने हात आत घालत होते. पट्टा बदलायला अर्धी सकाळ लागली.

एक गोष्ट राहिली होती. मोटर बंद केली तरी ढोल फिरत राहतो आणि चाकाकडे बघून कळत नाही. हे मी सुताराला सांगत होते, तर मुंगी फाटकातून म्हणाली, "माझ्या चाकाला रिबीन बांधलीय."

बघितलं तर खरंच. डब्याच्या झाकणाला केसांची लाल रिबीन. मी म्हटलं, कशाला गं? म्हणाली, "गरगर केलं की ती हरवते. थांबलं की सापडते."

सुतार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बघतोस काय, बांध.

मोठ्या चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधली, आखूड, कशात अडकणार नाही अशी. मशीन चालू केलं. चिंधी गेली, नुसती एक गुलाबी कड दिसायला लागली. बंद केलं. कड बराच वेळ राहिली. मग हळूहळू तुटक झाली आणि चिंधी लोंबायला लागली.

आज सकाळी मुलगी आली. फाटकाशी जमिनीवर बसली, मुंगीला मांडीवर घेऊन. मी कापूस लावला. पेटीत गुठळी अडकली. माझा हात आपोआप वर गेला, मी लिहिते आहे ते खरं लिहिते, गेला. आणि मागून किंचाळी आली.

"आजी! रिबीन नाही सापडली!"

मी चिडले. कामाच्या मध्ये कोणी ओरडलेलं मला चालत नाही. पण हात खाली घेतला. बटण बंद करून उभी राहिले. मुलगी, मुंगी आणि टाकेवाले, तिघंजण माझ्याकडे बघत होते आणि मी चाकाकडे. उभं राहणं हे माझं काम नाही. एवढ्या वेळात अर्धी गादी झाली असती.

"सापडली!" मुंगी म्हणाली.

मग काढली गुठळी.

मुलगी उठली. घड्याळ बघितलं. "मला उशीर होतोय," म्हणाली. "आज चढावरून उलटी बस घ्यायची आहे."

जाताना मुंगीला म्हणाली, "आजीकडे लक्ष ठेव."

२९ तारीख, शनिवार

आजीवर लक्ष चालू आहे. छळ आहे नुसता. टाकेवाल्यांना पण सोडत नाही, ते सुई उचलतात तेव्हाही विचारते, सापडली का. ते म्हणतात, "शोधतोय, साहेब."

मुलीला चढ जमला. उतार राहिलाय.

आज दुपारी मशीन बंद होतं. मी चहा घेत बसले होते आणि मुंगी तिच्या खोक्यापुढे. तिला माहीत नव्हतं मी बघतेय. घर्रर्र केलं. गुठळी अडकली. बोट वर आलं आणि थांबलं. मग तोंडाने आवाज बारीक बारीक करत नेला, झाकणाकडे एकटक बघत. तिचं झाकण फिरतच नव्हतं, पण तिने वाट बघितली. चांगली वाट बघितली, माझा चहा संपेपर्यंत.

मग म्हणाली, "सापडली," गुठळी काढली आणि हात कमरेला पुसला, उलटा, मागच्या बाजूने.

टाकेवाले म्हणतात मी अगदी असाच पुसते. असेन. मी कधी बघितलं नाही.